फेम्टोअँपिअर मोजायचाय? इलेक्ट्रोमीटर पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एक फेम्टोअँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ६,२४० इलेक्ट्रॉन. खिशातला डिजिटल मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या खाली फारसा उपयोगाचा नाही. बेंचवरचा चांगला मीटर नॅनोअँपिअरपर्यंत साथ देतो. फेम्टोअँपिअर त्याच्याही दहा लाख पट खाली आहे, आणि तिथे इलेक्ट्रोमीटरला पर्याय नाही.

नवीन माणसाची पहिली अडचण ठरलेली असते. सगळं मॅन्युअलप्रमाणे जोडलं, तरी आकडा भटकत राहतो. मग संशय यंत्रावर जातो. बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं. त्याने दाखवलेला करंट खरोखरच वाहत असतो, फक्त तो तुमच्या नमुन्यातून आलेला नसतो. केबल वाकल्यामुळे, इन्सुलेटरवर बोट लागल्यामुळे, हवेतल्या बाष्पामुळे किंवा शेजारून कोणी गेल्यामुळे तो आलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा एकच नियम आहे : एका वेळी एकच वस्तू जोडायची आणि प्रत्येक वेळी शून्य किती सरकलं ते बघून लिहून ठेवायचं.

उदाहरण म्हणून एक नेहमीचं काम घेऊ : प्लॅस्टिकच्या पातळ चकतीतून होणारी गळती मोजणं. आयनीकरण कक्ष, फोटोडायोडचा डार्क करंट, कपॅसिटरची गळती, यांनाही याच पायऱ्या थोड्याफार फरकाने लागू पडतात.

काय काय लागेल

- इलेक्ट्रोमीटर. किथली ६५१७बी (सर्वांत खालची रेंज २० पिकोअँपिअर, १ पिकोअँपिअर म्हणजे १००० फेम्टोअँपिअर; आत १००० व्होल्टपर्यंतचा व्होल्टेज सोर्स) किंवा कीसाइट बी२९८७ए (बॅटरीवरही चालतो) अशा वर्गातला. जुनी यंत्रंही चालतात, फक्त इनपुटच्या कनेक्टरची स्थिती आधी बघा.
- लो-नॉइज ट्रायअ‍ॅक्स केबल (मधल्या तारेभोवती एकावर एक दोन जाळ्या असलेली), शक्यतो अर्ध्या मीटरच्या आतली, आणि इनपुटवर बसणारी धातूची टोपी.
- घट्ट झाकणाचा धातूचा डबा. ॲल्युमिनियमचा डायकास्ट डबा उत्तम. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबाही चालतो, मात्र झाकण आणि डबा यांचा विजेचा संपर्क नीट असला पाहिजे.
- टेफ्लॉनचे स्टँडऑफ, म्हणजे नमुन्याच्या तारा टेकवायचे खुंट.
- ९९ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, चिमटा.
- सिलिका जेल आणि आर्द्रतामापक.
- ओळखीचा मोठा रोध : काचेच्या नळीत बंद केलेला १०० गिगाओहम किंवा १० गिगाओहम. सोबत एक नवा १.५ व्होल्टचा सेल.
- सोर्ससोबत सिरीजमध्ये लावायला १० मेगाओहमचा रोध. तुम्ही लावणार आहात तेवढा व्होल्टेज त्याला आणि नवव्या पायरीतल्या फिल्टरच्या कपॅसिटरला सोसला पाहिजे.
- केबल टेबलाला चिकटवायला टेप.

१. आधी कागदावर गणित

किती करंट अपेक्षित आहे हे माहीत नसताना यंत्र चालू करू नका. समजा, १ मिलिमीटर जाडीची पॉलिइथिलिनची चकती आहे, तिच्या पदार्थाची रोधकता एकावर सोळा शून्ये इतकी ओहम-सेंटिमीटर आहे, आणि मोजणारा इलेक्ट्रोड ५ सेंटिमीटर व्यासाचा आहे. इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. चकतीचा रोध येतो साधारण ५१ टेराओहम. म्हणजे १०० व्होल्टला २ पिकोअँपिअर आणि ५०० व्होल्टला १० पिकोअँपिअर.

त्याच चकतीची धारकता सुमारे ४० पिकोफॅरड येते. हा आकडा लिहून ठेवा, पुढे तो फार कामाला येतो. धारकतेतून वाहणारा करंट म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग. सोर्स सेकंदाला १ मिलिव्होल्ट सरकला तर ४० फेम्टोअँपिअर वाहतात. सोर्सवर ५० हर्ट्झचा फक्त १ मिलिव्होल्टचा रिपल (व्होल्टेजची उरलेली थरथर) असेल तर साडेबारा पिकोअँपिअर शिखराचा एसी करंट येतो, म्हणजे मोजायच्या २ पिकोअँपिअरच्या सहापट! त्यामुळे चांगल्या इलेक्ट्रोमीटरला स्वस्तातला सोर्स जोडून उपयोग होत नाही.

याच कागदावर उष्णतेमुळे येणारा नॉइजही काढा. खोलीच्या तापमानाला १ गिगाओहमचा रोध दर मूळ-हर्ट्झला (म्हणजे १ हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये) सुमारे ४ फेम्टोअँपिअर नॉइज देतो, १०० गिगाओहमचा ०.४ फेम्टोअँपिअर. तुमच्या नमुन्याचाच रोध १ गिगाओहम असेल तर कितीही महाग यंत्र आणा, एका सेकंदाच्या वाचनात अर्धा फेम्टोअँपिअर दिसणार नाही. वेळ घालवून सरासरीच काढावी लागेल.

२. जागा आणि ऋतू

सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल तर काम सुरळीत होतं. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हा आकडा एसीशिवाय मिळत नाही. एसी लावला तरी खोली दोन-तीन तास आधी कोरडी करून ठेवावी लागते. थंड एसीच्या खोलीत बाहेरून आणलेली काच किंवा चिनीमातीची वस्तू पाण्याचा अदृश्य थर घेऊन बसते, आणि उलट थंड वस्तू दमट हवेत नेली तर तिच्यावर दव धरतं. नमुना निदान एक रात्र त्याच खोलीत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

हिवाळ्यात, विशेषतः पुण्याकडे किंवा मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत, दुखणं उलटं असतं. गळती कमी, पण स्थिर विद्युतभार भरपूर. पॉलिस्टरचा शर्ट आणि प्लॅस्टिकची खुर्ची एवढ्यावर अंगावर हजार व्होल्ट सहज येतात. अशा हाताची इनपुटशी असलेली धारकता एका सेकंदात पिकोफॅरडच्या शंभराव्या भागाने बदलली, तरी १० पिकोअँपिअरचा धक्का बसतो. सुती कपडे घाला आणि मोजणी चालू असताना यंत्रापासून दूर बसा.

पंखा, कॉम्प्रेसर, दणदण वाजणारं दार यांपासूनही टेबल लांब हवं. कंपन हे थेट करंटच्या रूपात दिसतं, कसं ते चौथ्या पायरीत येईल.

३. स्वच्छता

इन्सुलेटर कोणता घ्यायचा? टेफ्लॉन, पॉलिस्टायरिन, पॉलिइथिलिन आणि परवडलं तर सफायर. नायलॉन, हायलम (बेकेलाइटची) शीट आणि साधं पीव्हीसी इनपुटच्या आसपासही नको. हायलम आणि नायलॉन पाणी पितात. सर्किट बोर्डाचं ग्लास-इपॉक्सी मधलं आहे : कोरडं आणि स्वच्छ असेल तर बरं, सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला तर निकामी.

पदार्थ चांगला घेऊन भागत नाही, कारण गळती बहुधा पृष्ठभागावरून होते. टेफ्लॉनच्या खुंटाला उघड्या बोटाने एकदा धरलं की त्यावर घामातलं मीठ आणि तेल बसतं. कोरड्या हवेत कदाचित काही दिसणार नाही. दुपारी आर्द्रता वाढली की मीठ पाणी धरतं आणि टेराओहमच्या जागी गिगाओहम उरतात. शिवाय ओलसर मीठ आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की तिथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते. ती व्होल्टेज न लावताही करंट देते.

पुसण्याची पद्धत अशी. हातमोजे घाला. कापड आयसोप्रोपिलमध्ये भिजवा आणि एकाच दिशेने पुसा. घासत मागेपुढे केलं तर मळ पसरतो. कापडाचा भाग बदलून पुन्हा पुसा. शेवटी स्वच्छ अल्कोहोलची धार सोडा म्हणजे उरलेलं वाहून जाईल. मग थांबा. हात लावल्यावर कोरडं वाटलं म्हणून लगेच मोजू नका. काही तास कोरड्या हवेत ठेवणं बरं, कोरडा नायट्रोजन मिळत असेल तर त्याचा हलका झोत द्या. तोंडाने फुंकर मारायची नाही. श्वासात पाणी असतं.

इथे दोन फसव्या वस्तू आहेत. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट यात पाणी आणि कधी इतर द्रव्यं मिसळलेली असतात. हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, ते वाळत नाही आणि बाष्प ओढून घेतं. दोन्हींनी इन्सुलेटर पुसला तर आधीपेक्षा वाईट होतो. काचेच्या नळीतल्या मोठ्या रोधाची काचही कधी बोटाने धरू नका, टोकाच्या तारांनी उचला.

४. केबल आणि कनेक्टर

साध्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये आतलं इन्सुलेशन आणि वरची जाळी एकमेकांवर घासतात आणि विद्युतभार सुटतो. लो-नॉइज केबलमध्ये त्यांच्यामध्ये ग्राफाइटचा थर असतो, तो हा भार तिथल्या तिथे मुरवतो. तरी परिणाम पूर्ण जात नाही. म्हणून केबल टेबलाला टेपने चिकटवा, लोंबकळती ठेवू नका, आणि यंत्राचा पंखा किंवा एसीचा झोत तिच्यावर येऊ देऊ नका.

स्वतः एकदा बघून घ्या. केबल इनपुटला जोडा, दुसरं टोक धातूच्या टोपीने झाका, यंत्र २० पिकोअँपिअरच्या रेंजवर ठेवा आणि केबलला मध्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. आकडा उडी मारतो आणि हळूहळू परत येतो. त्या उडीची उंची आणि परतायला लागणारा वेळ, दोन्ही लक्षात ठेवा. पुढे अशीच उडी दिसली की कारण शोधायला वेळ लागणार नाही.

टेफ्लॉन दाबला किंवा वाकवला तरी भार देतो. कनेक्टर घट्ट बसवल्यानंतर आतला टेफ्लॉन दाबाखाली असतो आणि तो निवांत व्हायला वेळ लागतो. कनेक्टर लावून लगेच घेतलेलं वाचन धरू नका.

आता कनेक्टरचा सापळा. ट्रायअ‍ॅक्स दोन तऱ्हेचे मिळतात : दोन खाचांचे (जुन्या यंत्रांवर) आणि तीन खाचांचे. दिसायला जवळजवळ सारखेच. एकमेकांत बसत नाहीत आणि जोर लावला तर मधली पिन वाकते. बीएनसीवर (एकाच जाळीच्या केबलच्या कनेक्टरवर) नेणारे अडॅप्टरही निरनिराळे असतात : काहींमध्ये आतली जाळी बाहेरच्या जाळीला जोडलेली असते, काहींमध्ये मोकळी सोडलेली. पाकिटावरचं नाव वाचून विश्वास ठेवू नका. अडॅप्टर हातात घेऊन, यंत्रापासून पूर्ण सुटा करून, मल्टिमीटरने कुठलं टोक कुठे जातं ते तपासा. केबल यंत्राला जोडलेली असताना मल्टिमीटर लावणं मात्र टाळा.

५. गार्ड नीट समजून घ्या

गार्ड म्हणजे इनपुटच्या भोवती, इनपुटच्याच व्होल्टेजवर ठेवलेला वाहक. त्याचं तत्त्व साधं आहे. दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरकच नसेल तर त्यांच्यामधलं इन्सुलेशन कितीही वाईट असो, गळती होत नाही. १ टेराओहमच्या इन्सुलेशनवर १० व्होल्ट पडले तर १० पिकोअँपिअर गळतात. त्याच जागी गार्डमुळे फरक १ मिलिव्होल्टवर आला तर गळती १ फेम्टोअँपिअर.

करंट मोजताना इलेक्ट्रोमीटरचा आतला अ‍ॅम्प्लिफायर फीडबॅकने इनपुटचं हाय टोक लो टोकाच्या अगदी जवळ, १ मिलिव्होल्टच्या आत, धरून ठेवतो. त्यामुळे या मोडमध्ये लो हाच गार्ड असतो, आणि ६५१७बी सारख्या यंत्रात ट्रायअ‍ॅक्सची आतली जाळी लोला जोडलेली असते. व्होल्टेज मोजताना मांडणी बदलते. दोन्ही मोडची गल्लत करू नका.

आपल्या चकतीसाठी गार्ड म्हणजे एक कडी. खाली पूर्ण इलेक्ट्रोड, त्याला उच्च व्होल्टेज. वर मधोमध ५ सेंटिमीटरचा मोजणारा इलेक्ट्रोड, तो इनपुटच्या हायला. त्याच्याभोवती दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडून एक कडी, ती लोला. प्लॅस्टिकच्या कडेवरून जो करंट रांगत वर येतो तो या कडीत अडतो आणि मीटरपर्यंत पोचत नाही. कडी नसेल आणि पृष्ठभागाचा रोध १० टेराओहम असेल, तर ५०० व्होल्टला ५० पिकोअँपिअर पृष्ठभागावरूनच येतात, आणि आपल्याला मोजायचेत १०!

इलेक्ट्रोड ॲल्युमिनियमच्या फॉइलचे करता येतात. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि आतली हवा काढत फॉइल दाबा. कडी आणि मधला इलेक्ट्रोड यांच्यामधल्या पट्टीत ग्रीस किंवा धातूमिश्रित रंग पसरला तर तिथला रोध घटतो. यंत्राचा ऑफसेट (हाय आणि लो यांच्यात उरलेला फरक) १०० मायक्रोव्होल्ट धरला आणि पट्टीचा रोध १ गिगाओहम उरला, तर १०० फेम्टोअँपिअरची चूक येते. १०० गिगाओहम असेल तर १ फेम्टोअँपिअर. म्हणून ही पट्टी नमुन्यातली सगळ्यात स्वच्छ जागा असली पाहिजे.

इशारा : एसएमयू (व्होल्टेज देणारं आणि करंट मोजणारं एकच) प्रकारच्या यंत्रात गार्ड सोर्सच्या व्होल्टेजवर असतो. तिथे केबलची आतली जाळी म्हणजे जिवंत उच्च व्होल्टेज. कुठली जाळी कुठल्या व्होल्टेजवर आहे हे न तपासता हात लावू नका.

६. डबा आणि अर्थिंग

नमुना, इलेक्ट्रोड आणि इनपुटची उघडी तार, सगळं धातूच्या डब्यात. डबा ट्रायअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीला, म्हणजे अर्थला. झाकणावर रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग असेल तर कडेला तो खरवडा, नाहीतर झाकण तरंगत राहतं आणि अँटेनाचं काम करतं. डब्यात प्रकाश शिरता कामा नये. डायोड, ट्रान्झिस्टर किंवा काचेतले सेमिकंडक्टर मोजत असाल तर बारीक फटीतून येणारा उजेडही करंट देतो.

मीटरचा लो आणि सोर्सचा लो एकत्र करा आणि तो जोड अर्थला फक्त एका ठिकाणी न्या. दोन ठिकाणी नेला तर लूप तयार होतो आणि ५० हर्ट्झ आत येतं. भिंतीच्या सॉकेटची तिसरी पिन खरोखर अर्थ आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

झाकण उघडलं की सोर्स बंद होईल असा इंटरलॉक स्विच लावा. ५०० व्होल्टचं काम आहे, त्यात तडजोड नको.

७. शून्य : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

यंत्र निदान एक तास तापू द्या, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढा वेळ. इनपुटचा बायस करंट (इनपुट स्वतःच घेतो किंवा देतो तो) तापमानासोबत वाढतो, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. मग पुढच्या क्रमाने जा.

पहिला टप्पा : इनपुटवर फक्त धातूची टोपी. झिरो चेक चालू करा, सर्वांत खालच्या रेंजवर झिरो करेक्ट करा, मग झिरो चेक बंद करा. झिरो चेकमध्ये इनपुट आतल्या आत लोकडे वळवलेला असतो, त्यामुळे करेक्शनमधून यंत्राचा आतला ऑफसेट जातो, पण बायस करंट आणि बाहेरची गळती जात नाही. आता दहा मिनिटं बघा. चांगलं यंत्र काही फेम्टोअँपिअरवर स्थिरावतं. इथेच पिकोअँपिअर दिसले तर इनपुटचा कनेक्टर मळला आहे. पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा : झिरो चेक लावा, केबल जोडा, दूरचं टोक झाका, झिरो चेक काढा. पंधरा मिनिटं थांबा. आकडा घसरत घसरत स्थिर होईल. हा केबलचा वाटा.

तिसरा टप्पा : केबल डब्याला जोडा, आत इलेक्ट्रोडची मांडणी आहे पण नमुना नाही. झाकण बंद. पुन्हा थांबा.

चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात : नमुना नसतानाच पूर्ण व्होल्टेज द्या. इलेक्ट्रोडमध्ये फक्त हवा आहे. सुरुवातीचा चार्जिंगचा धक्का ओसरल्यावर जे उरतं ती तुमच्या मांडणीची गळती. नमुन्याचा अपेक्षित करंट २ पिकोअँपिअर असताना मांडणीच अर्धा पिकोअँपिअर देत असेल, तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि पुसा.

चारही आकडे आर्द्रता आणि तापमानासह वहीत लिहा. रिल बटण दाबून गळती वजा करण्याचा मोह इथेच होतो. रिल तोपर्यंतच खरं, जोपर्यंत वजा केलेला आकडा बदलत नाही. दुपारपर्यंत आर्द्रता चढली की सकाळी वजा केलेली गळती वेगळीच झालेली असते. काही फेम्टोअँपिअरसाठी रिल वापरा, पिकोअँपिअरसाठी कापड आणि अल्कोहोल.

झिरो चेकची सवय हाताला लावून घ्या : काहीही जोडताना किंवा काढताना तो चालू असला पाहिजे.

८. ओळखीचा करंट देऊन बघा

१.५ व्होल्टचा सेल आणि १०० गिगाओहम : १५ पिकोअँपिअर. सेलचा खरा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा आणि भागाकार करा. अशा रोधांची सहनशीलता ५ ते १० टक्के असते, त्यामुळे हे कॅलिब्रेशन नव्हे. पण आकडा दुप्पट किंवा निम्मा आला तर जोडणीत चूक आहे हे लगेच कळतं. सेल उलटा करा. चिन्ह बदलून तेवढाच आकडा यायला हवा. दोन्हींत फरक असेल तर फरकाचा निम्मा भाग तुमचा ऑफसेट.

दुसरी पद्धत जास्त नेटकी आहे. १० पिकोफॅरडचा हवेचा किंवा पॉलिस्टायरिनचा कपॅसिटर घ्या आणि त्याच्या एका टोकाला सेकंदाला ०.२ व्होल्ट चढणारी-उतरणारी त्रिकोणी लहर द्या, म्हणजे १० व्होल्ट चढायला ५० सेकंद. मीटरवर अधिक २ आणि उणे २ पिकोअँपिअरचे दोन सपाट टप्पे दिसतात. वळणावर आकडा किती वेळात नव्या टप्प्यावर जातो, त्यावरून मांडणीचा प्रतिसादकालही कळतो.

९. नमुना, व्होल्टेज आणि धीर

सोर्सचं टोक १० मेगाओहमच्या रोधातून नमुन्याला न्या. ५१ टेराओहमपुढे तो नगण्य आहे, पण नमुना फुटलाच तर ५०० व्होल्टला करंट ५० मायक्रोअँपिअरवर अडतो. सोर्सचा रिपल त्रास देत असेल तर या रोधानंतर उच्च व्होल्टेजचा ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लोकडे लावा. कालस्थिरांक १ सेकंद होतो आणि ५० हर्ट्झ तीनशेपट खाली येतं. काम संपल्यावर हा कपॅसिटर रोधातून डिस्चार्ज केल्याशिवाय डब्यात हात घालू नका.

रेंज हाताने ठरवा. ऑटोरेंज दर वेळी आतला फीडबॅक रोध बदलतो आणि धक्का देतो. व्होल्टेज लावताना वरची रेंज ठेवा, करंट खाली आला की एकेक पायरी उतरा.

व्होल्टेज लावल्याबरोबर करंट मोठा असतो आणि मग घटत जातो. ४० पिकोफॅरड भरायला क्षणभर पुरतो. त्यानंतरची लांब शेपटी प्लॅस्टिकच्या आतले रेणू हळूहळू वळण्याची असते. ती मिनिटं, कधी तास चालते. म्हणून एएसटीएम डी२५७ सारख्या प्रमाण पद्धतीत ६० सेकंदांनी वाचन घेण्याचा प्रघात आहे. ते वाचन स्थिर करंट नसतं, तुलनेसाठी ठरवलेला क्षण असतो. त्यामुळे रोध लिहिताना किती सेकंदांनी घेतला तेही लिहिलंच पाहिजे. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पहिल्यांदा ही वेळ तपासावी.

१०. वाचन घेणं

मोजणीचा कालावधी २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवा, म्हणजे आपल्याकडची ५० हर्ट्झची एक लहर पूर्ण मावते. यंत्राची सेटिंग ६० हर्ट्झवर राहिली असेल तर मेन्सचा हम (५० हर्ट्झची थरथर) जात नाही. बाहेरून आलेल्या जुन्या यंत्रांत हे हमखास तपासा.

ऑफसेटपासून सुटका करायची तर ध्रुवता उलटवा. अधिक व्होल्टेजचं वाचन, मग उणे, मग पुन्हा अधिक, दर वेळी तेवढाच वेळ थांबून. पहिलं वाचन, वजा दुसऱ्याची दुप्पट, अधिक तिसरं, आणि भागिले चार. यात स्थिर ऑफसेट तर जातोच, एकसारखा सरकणारा ऑफसेटही जातो. नमुना जितका आळशी तितका थांबण्याचा वेळ वाढवा.

अधूनमधून एखादी सुटी उडी दिसली आणि आकडा परत जागेवर आला, तर ती हवेतल्या अल्फा कणाची असू शकते. साधारण ५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक अल्फा कण हवेत दीड लाखाच्या आसपास आयन-जोड्या करतो, म्हणजे २४ फेम्टोकूलोम. डब्यात मोकळी हवा जितकी जास्त तितक्या अशा उड्या जास्त. सरासरीचा फिल्टर ही उडी सगळ्या वाचनांत पसरवतो. मीडियन (मधलं वाचन निवडणारा) फिल्टर ती सरळ टाकून देतो, म्हणून आधी मीडियन आणि मग सरासरी.

करंट १ फेम्टोअँपिअरच्या आसपास किंवा खाली असेल तर अँपिअर मोड सोडून कूलोम (विद्युतभार मोजण्याचा) मोड घ्या. १ फेम्टोअँपिअर १०० सेकंदांत १०० फेम्टोकूलोम साठवतो, आणि २० पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर त्याचे ५ मिलिव्होल्ट होतात. विद्युतभाराचा आलेख काढा, त्याचा उतार म्हणजे करंट. मोठ्या फीडबॅक रोधाचा नॉइज इथे नसतो.

काही बिघडलं तर

आकडा एका दिशेने सरकत राहतो आणि तासाभराने थांबतो : कनेक्टरचा ताण किंवा नमुन्यातली शेपटी. दुपारी वाढतो, रात्री उतरतो : आर्द्रता आणि मळ. माणूस हलला की हलतो : डब्याचं झाकण किंवा बाहेरची जाळी अर्थला लागलेली नाही. व्होल्टेज शून्य असतानाही एकाच चिन्हाचा स्थिर करंट आहे : ओलसर मळाची बॅटरी, किंवा इनपुटवर ताणलेला टेफ्लॉन. आकडा सारखा थरथरतो, पण सरासरी बरोबर आहे : सोर्सचा रिपल, लूप, किंवा इनपुटशी जोडलेली धारकता जास्त. शेवटच्यासाठी केबल आखूड करून बघा, साधी कोअ‍ॅक्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात जाते.

यंत्र परवडत नसेल तर घरी बनवण्याचा विचार चुकीचा नाही. एलएमसी६००१ या ऑप-अँप चिपचा बायस करंट २५ अंशांना जास्तीत जास्त २५ फेम्टोअँपिअर आहे, एडीए४५३०-१ चा २० फेम्टोअँपिअर, आणि दुसऱ्यात गार्डचा बफर आतच आहे. इनपुटची पिन बोर्डाला लावू नका. ती वर वाकवून हवेतच फीडबॅक रोधाला जोडा आणि तो सांधा टेफ्लॉनच्या खुंटावर टेकवा. सोल्डर केल्यावर फ्लक्स पूर्ण काढा. १०० गिगाओहमच्या फीडबॅक रोधाभोवती १ पिकोफॅरड जरी भटकी धारकता असली तरी प्रतिसादकाल ०.१ सेकंद होतो, त्यामुळे घाईची मोजणी त्यावर करू नका.

वहीत प्रत्येक वाचनासोबत ही नोंद असू द्या : व्होल्टेज आणि त्याचं चिन्ह, व्होल्टेज लावल्यापासूनचे सेकंद, रेंज, फिल्टर, तापमान, आर्द्रता, नमुना शेवटचा कधी आणि कशाने पुसला, आणि त्या दिवसाचे शून्याचे चार आकडे.